तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात बसून खलाशी कशाला?

घरी आलेलं माणूस मी रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांच्या शोकेसपाशी थांबलं की हेच विचारतं, काका, बेळगावात समुद्र कुठाय, आणि रंगवायचेच तर आपले मावळे रंगवा की, हे इंग्रजांचे खलाशी कशाला? परवा शहापूरच्या एका पोरानं परत विचारलं, म्हणून एकदा नीट लिहितो.

सुरुवात मावळ्यांपासूनच झाली. दिवाळीला गल्लीत किल्ला व्हायचा, बाजारातनं मातीचे मावळे आणायचे, सगळ्यांची तोंडं एकसारखी. चौथीत असताना मी दरवाजावरच्या एकाच्या मिशा पांढऱ्या केल्या, म्हातारा पहारेकरी, आणि एवढ्यानं सगळा किल्ला खरा वाटायला लागला. ते वेड तिथनं लागलं.

आता रंगवतो ते पुतळे 54 मिलिमीटरचे, धातूचे, बहुतेक 1805 च्या ट्रफाल्गरच्या लढाईतले, म्हणजे इंग्रज आरमार फ्रेंच-स्पॅनिश आरमाराशी समुद्रात भिडलं ती. इंग्रज आरमारात अधिकाऱ्यांना 1748 पासून युनिफॉर्म होता पण साध्या खलाशाला तो 1857 साली मिळाला, म्हणजे ट्रफाल्गरला तोफा ओढणारा प्रत्येक जण आपापल्या कपड्यात, कुणाचा चौकडीचा, कुणाचा पट्ट्यांचा शर्ट, कुणी उघडाच. अधिकारी रंगवायला मला फारसा रस नाही, निळा कोट सोनेरी बटणं झालं काम. माझा जीव तोफेवरच्या टोळीत आहे. बत्तीस पौंडी तोफेला (बत्तीस पौंड हे गोळ्याचं वजन) डझनभर माणसं लागायची, आवाजानं कान फुटू नयेत म्हणून डोक्याला कानावरनं रुमाल, पाय अनवाणी, आणि घसरू नये म्हणून डेकवर वाळू. त्यात तोफेच्या दारूची पुडकी पळवत आणणारं एक पोरगं असायचं. त्याच्या बोटांच्या फटीत गडद रंग आणि तळव्याच्या कडेला वाळूचा पुसट हात दिला की ते खरंच पळताना दिसतं, मी त्या पायांवर तीन संध्याकाळी घालवल्यात.

एक सांगून ठेवतो, जुन्या धातूत शिसं असतं, घासलं की हात धुवा. आणि नव्या लाकडाच्या कपाटात ठेवू नका, लाकडातनं आम्लाची वाफ निघते, माझे पहिले चार एका पावसाळ्यात पांढऱ्या भुकटीनं खाल्ले, फार वाईट वाटलं. आता काच आणि पत्रा.

आणि इंग्रजांचे म्हणता, तर ट्रफाल्गरला इंग्रज आरमाराचा सेनापती असलेल्या नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाच्या हजेरीपटावर अमेरिकन, डच, इटालियन, माल्टाचे, चक्क काही फ्रेंच, आणि जन्म हिंदुस्थानातला अशी नोंद असलेलेही आहेत. सध्या टेबलावर त्यातलाच एक आहे माझ्या मनानं ठरवलेला, दोर ओढणारा. नुसता ब्राऊन मारला की कातडी मातीची दिसते, म्हणून खाली विटकरी हात दिला, वर पातळ तीन थर, गालावर आणि खांद्यावर थोडा उजळ. उजवा हात झालाय. डावा राहिलाय, बाहेर आठ दिवस झड लागलीय आणि वार्निश मारायला कोरडी हवा लागते.