अंधाराची काटकसर

पावसाळ्यात आमच्या फोंड्याकडे वीज गेली की ती कधी येईल हे कुणी कुणाला विचारत नाही. गेल्या आषाढात अशाच एका संध्याकाळी, लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीत बसेल असा चित्रपट हवा म्हणून, मी एडगर उल्मर यांचा १९४५ सालचा ‘डीटूर’ लावला. तो जेमतेम ६८ मिनिटांचा आहे. हॉलिवूडमध्ये ज्या गरीब कंपन्यांच्या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत, त्यांपैकी एका कंपनीने तो काढला होता आणि ती गरिबी लपवण्याची त्याची रीतच मला फार आवडते.

नायक आणि त्याची प्रेयसी रात्री न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चालत जातात, तो प्रसंग पाहावा. रस्ता उभारण्याइतके पैसे नाहीत, म्हणून पडदाभर धुके सोडले आहे आणि त्यातून दिव्याचा एखादा खांब, रस्त्याच्या नावाची एखादी पाटी तेवढी वर येते.

मला आमच्या देवळातले उत्सवी नाटक आठवले. काका तिथे प्रकाशयोजना सांभाळायचे. एका वर्षी भाड्याने आणलेल्या अरण्याच्या पडद्याला मधोमध हातभर ठिगळ निघाले, तेव्हा त्यांनी सगळे दिवे बंद करून नटाच्या पायाशी निळा कागद लावलेला एकच दिवा ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी विचारत होत्या, “एवढे दाट रान कुठून रे आणलेत?”

उल्मर यांचे धुके मात्र ठिगळ झाकून थांबत नाही. वाटेत लिफ्ट देणारा माणूस मेल्यावर त्याचेच नाव आणि गाडी घेऊन पुढे निघालेला हा नायक आपली कहाणी स्वतःच सांगतो आणि त्यातले किती खरे मानावे हे शेवटपर्यंत कळत नाही. अशा माणसाच्या आठवणीत रस्ता स्वच्छ दिसला असता तरच नवल. गाडीतल्या प्रसंगांत काचेमागे सरकणारा देखावा नकली आहे हे उघड दिसते, पण ॲन सॅव्हेज यांची व्हेरा एकदा शेजारच्या आसनावर येऊन बसली की काचेबाहेर पाहायला सवड कुणाला असते?

नायकाचा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे आहे. नकाशाप्रमाणे पडद्यावरही तो उजवीकडून डावीकडे दिसावा म्हणून लिफ्ट मागण्याची काही दृश्ये सरळ उलटी छापली आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या गाड्या डावीकडून धावतात आणि चालक उजवीकडे बसलेला दिसतो. ही गंमत दाखवायला मी सौभाग्यवतींना मेणबत्तीसह स्वयंपाकघरातून बोलावून आणले. त्यांनी ते दृश्य दोनदा नीट पाहिले आणि म्हणाल्या, “मग? बरोबरच तर चालली आहे गाडी.”