आमची वाटचाल: भोसरीतले चार गाळे

2004 साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक जुनी लेथ टाकून आम्ही सुरुवात केली. लेथवर मी, हिशेबाला बायको. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग करून द्यायचं काम, मिळत गेलं, 2011 मध्ये पहिलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशिन आलं, आज 5 मशिनं आहेत. कामाची चणचण फारशी भासली नाही. झोप उडाली ती ऑपरेटर टिकेनात म्हणून.

आयटीआय झालेला पोरगा घ्यायचा, सहा-आठ महिने शिकवायचा. सेटिंग हाताला बसलं की शेजारच्या गाळ्यात 2000 रुपये जास्त मिळतात म्हणून तो जायचा. मीही दुसऱ्यांची पोरं अशीच आणली आहेत.

2018 मध्ये एका नवख्या पोरानं ऑफसेटचा, म्हणजे टूलची जागा ठरवणारा, आकडा चुकीचा टाकला. टूल जॉब पकडणाऱ्या चकवर आदळलं, टूलं बसवलेल्या टरेटची अलाइनमेंट गेली, मशिन 11 दिवस बंद. त्याला काय बोलणार? त्याच्याजवळ उभा राहून शिकवेल असा माणूसच माझ्याकडे उरला नव्हता. तेव्हा शेजारच्या अण्णांनी आपला ऑपरेटर आणि एक मशिन रात्रपाळीला दिलं, म्हणून माझा माल वेळेवर गेला. चहा घेताना ते म्हणाले, "अहो, आपण तीच ती पोरं एकमेकांत फिरवतोय. नवीन एक तरी तयार होतंय का?"

तिथून आम्ही चार गाळेवाले एकत्र बसायला लागलो. पोराला अडवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. जास्त पगार मिळत असेल तर जाणं हा त्याचा हक्क आहे. त्यापेक्षा चौघांनी पगार वाढवले आणि शिकवायचा खर्च वाटून घेतला. शिकाऊ पोरांसाठीचा अप्रेंटिस कायदा 1961 चा. 30 किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घेणं सक्तीचं, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक. आम्ही सगळे ऐच्छिकवाले, त्यामुळे तिकडे कुणी वळलंच नव्हतं. 2016 च्या योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, सरकार देतं हेही तेव्हाच नीट समजलं.

गुरुवारी इथे सुट्टी, म्हणून बुधवारी दुपारी शिकवणी. टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका येतात. पहिले दोन बुधवार नुसता मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन. थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, आवळायचं नाही, मागचं रॅचेट, म्हणजे छोटी मूठ, फिरवायचं, टिकटिक ऐकायची, मग वाचायचं. एकाच शाफ्टची सहा पोरांनी सहा मापं सांगितली होती. तिसऱ्या बुधवारी सगळी 0.01 मिलिमीटरच्या आत आली, तेव्हा काकांनी स्वतःच्या पैशाने वडापाव आणला.

दिवाळी-छठला बिहारची पोरं गावी जातात, तेव्हा आता ज्याचा लोड कमी तो माणूस देतो. मोशीहून रात्रपाळीला येणाऱ्यांसाठी चौघांत एक गाडी लावायची आहे. भाडं समान द्यायचं की माणसांप्रमाणे, यावर अजून जमलेलं नाही. येत्या बुधवारी शिकवणीनंतर बसतोय.