स्पीकिंगला ६.५ आणि चौदा पानांची ती लिस्ट

आधीच सांगते, हे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगबद्दल आहे, लिसनिंग, रीडिंग, रायटिंगबद्दल यात काही मिळणार नाही, ते माझं पहिल्याच झटक्यात निघालं. मी नाशिकला एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, यूकेला जायचं म्हणून आयईएलटीएस दिली. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगला ६.५ चालतात, बाकी तिन्हीत ७ लागतात. मला स्पीकिंगला ६.५ आले. त्या अर्ध्या बँडसाठी (बँड म्हणजे तिथले गुण) परत १७ हजार भरले, परत सुट्टीसाठी मेट्रनच्या हातापाया पडले, परत मुंबई गाठली. राग अजून गेलेला नाही, वाचताना कळेलच.

राग क्लासवर आहे. कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद, नाईट करून सकाळी तिथे चढायचं. पहिल्याच दिवशी सरांनी इंग्रजी वाक्प्रचारांच्या लिस्टची चौदा पानांची झेरॉक्स हातात दिली, स्पायरलचे साठ रुपये वेगळे. आनंद झाला की ‘ओव्हर द मून’, जास्तच झाला की ‘ऑन क्लाऊड नाइन’, सोपं गेलं की ‘पीस ऑफ केक’, पाऊस पडला की कुत्री-मांजरं. सरांचं म्हणणं, मिनिटाला दोन तरी पडलेच पाहिजेत, एक्झामिनर मोजत असतो. मी पण बावळटासारखी पाठ करत सुटले, स्कूटीवर मुंबई नाक्याच्या सिग्नलला, बेडशीट बदलताना, सगळीकडे तोंडात पुटपुट. एका पेशंट आजींनी विचारलं, बाई गं, कोणता मंत्र म्हणतेस, मला पण दे.

स्पीकिंग म्हणजे सगळं मिळून ११ ते १४ मिनिटं, समोर एक माणूस आणि रेकॉर्डिंग चालू. मधल्या भागात क्यू कार्ड, म्हणजे विषय लिहिलेलं कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला, कागद-पेन्सिल मिळते, मग दोन मिनिटांपर्यंत आपण एकट्यानं बोलायचं. मला काय यावं, मजेत गेलेला एखादा दिवस सांगा! आम्ही मैत्रिणी पावसात अंजनेरीला गेलो होतो, धुक्यात वाट चुकली, एकीची चप्पल तुटली तर तिनं ओढणी फाडून पायाला बांधली, खाली येऊन टपरीवर लिंबू-मीठ लावलेली कणसं खाल्ली आणि हसून हसून पोट दुखलं. एवढं सगळं हाताशी होतं. आणि मी काय सांगितलं? आय वॉज ओव्हर द मून. माय फ्रेंड वॉज ऑन क्लाऊड नाइन. इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज. क्लायंबिंग वॉज अ पीस ऑफ केक. चप्पल राहिली, ओढणी राहिली, कणीस राहिलं. मिनिटभरात गाडी थांबली आणि मी मनातल्या मनात पान नंबर नऊ उलटत गप्प बसून राहिले. समोरच्या बाई शांतपणे बघत होत्या, ते बघणं मला अजून आठवतं.

मार्किंग कसं होतं ते नंतर वाचलं, नेटवर फुकट असतं, फी भरायच्या आधी वाचा. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार, चार गोष्टी आणि चारींना सारखं वजन. वाक्प्रचार हे शब्दांच्या खात्यात, आणि तिथेही तो त्या जागी शोभतो का ते बघतात, मोजत कोणी नाही. मी लिस्ट आठवता आठवता ओघ घालवला आणि लिस्टही धड शोभली नाही. रीचेकिंग मागता येतं, सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा, बँड वाढला तर त्याची फी परत मिळते. मी नाही मागितलं, माझं मलाच माहीत होतं.

सुटका केली आमच्या वॉर्डच्या जुन्या सिस्टरनी. मूळच्या केरळच्या, पण वीस वर्षं नाशकात, मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात. त्यांची मुलगी यूकेला नर्स आहे. म्हणाल्या, अगं ती कुठे चांदावर-ढगावर जाते, हे ऐक, आणि तिचे व्हॉइस मेसेज लावले. ड्युटी संपली की ‘आय एम शॅटर्ड’, म्हणजे पार गळून गेले. ‘इट वॉज अ बिट ऑफ अ नाइटमेअर’ ऐकून मला वाटलं वॉर्डात काहीतरी भयंकर झालं, तर बस चाळीस मिनिटं उशिरा आली होती! चांगलं झालं तरी ‘नॉट टू बॅड’. पगारवाढ मिळाल्यासारखा आवाज आणि शब्द काय, तर नॉट टू बॅड.

मग मी नाईटला पँट्रीत बसून स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागले. पहिलं ऐकवत नाही, दातात खडा यावा तसं वाटतं. पण चुका दिसल्या. ‘वी एन्जॉईड अ लॉट’ हे आपण सगळे म्हणतो, तिथे ‘इट’ नाहीतर ‘अवरसेल्व्ह्ज’ लागतं. ‘ट्रिप वॉज फनी’ म्हटलं की ट्रिप विनोदी होती, मजेची असेल तर ‘फन’. आणि एकदा तर मी ‘आय वॉज बोअरिंग’ म्हणाले होते, म्हणजे मीच कंटाळवाणी. खरी गोम मला पहाटे तीनला कळली: आपल्याला मजा येते, कंटाळा येतो, त्रास होतो, म्हणजे ते सगळं बाहेरून चालत येतं आणि आपण नुसते ‘मला’ म्हणून बसलेले. इंग्रजीत तो माणूस पुढे येतो, ‘आय हॅड अ ग्रेट टाइम’, ‘आय हॅड अ रफ डे’. ‘हॅड’ जिभेवर बसलं आणि माझं अर्धं काम झालं. ‘जीव भांड्यात पडला’ला मात्र ‘इट वॉज सच अ रिलीफ’ इतकंच, भांडं तिकडे नेता येत नाही.

दुसऱ्या वेळी कार्ड आलं अवघड प्रवासाचं. आदल्याच दिवशी कसारा घाटात तीन तास अडकले होते, तेच सांगितलं. आय वॉज ड्रेडिंग द ट्रॅफिक, इट जस्ट ड्रॅग्ड ऑन, शेजारच्या काकूंनी डब्यातले धपाटे अख्ख्या गाडीला वाटले, बाय द टाइम वी गॉट देअर आय वॉज शॅटर्ड. धपाटे म्हणजे काय ते समजावताना एक्झामिनर हसला आणि त्यानं मला मध्येच थांबवलं. थांबवलं तर घाबरू नका, दोन मिनिटं झाली की थांबवतातच.

७.५ आले.

अरे हो, पासपोर्ट. फॉर्म भरताना दिलेला तोच, ओरिजिनल लागतो, माझ्यापुढची मुलगी झेरॉक्स घेऊन आलेली, रडकुंडीला आली होती.

आणि परवा कॉलेज रोडवरून जाताना बघते तर क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो, ‘स्पीकिंग ७.५, आमची विद्यार्थिनी’. दुसऱ्या वेळी मी तिथली पायरी चढले नव्हते. तीन मजले चढून गेले, म्हटलं सर, काढा तो. सर म्हणाले, मॅडम, लिस्ट तर आमचीच होती ना.