भूक होती, जीभ पोहोचत नव्हती

व्हेल्ड शॅमेलिऑन जातीचा तो प्रौढ नर सरडा माझ्या दवाखान्यात आला तेव्हा वजनकाट्यावर १०४ ग्रॅम भरला. त्याला पाळणारे गृहस्थ अतिशय काटेकोर होते. दर पंधरवड्याचे वजन त्यांनी वहीत टिपून ठेवले होते आणि त्या वहीप्रमाणे चार महिन्यांपूर्वी हाच सरडा १४८ ग्रॅमचा होता. सुरुवातीला दोन-तीन ग्रॅम, पुढे दर खेपेला सहा, सात, आठ अशी ती घसरण होती. अशी नोंद हाती आली की निदानाची वाट बरीच सोपी होते, कारण शॅमेलिऑन आपले दुखणे अखेरपर्यंत लपवतो आणि तो रोडावल्याचे नुसत्या नजरेला जाणवेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो.

“डॉक्टर, पूर्वी हा माझ्या हातातून रातकिडा घ्यायचा. आता नुसता बघतो आणि तोंड फिरवतो. माझ्यावर रुसलाय का हो?” त्यांनी विचारले. त्या आवाजातली काळजी खरी होती.

डोळे खोल गेले होते आणि कमरेची हाडे कातडीखालून स्पष्ट दिसत होती. विष्ठेसोबत येणारा यूरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग पांढरा असायला हवा, तो नारिंगी झाला होता, म्हणजे शरीरात पाणी कमी पडत होते. तोंडात जखम किंवा पू नव्हता. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तीत काळजी करावी असे परजीवी आढळले नाहीत. ही मादी असती तर मी आधी अंड्यांचा विचार केला असता. या जातीची मादी नराशिवायही अंडी धरते, अंडी घालण्याआधी खाणे सोडते आणि खणायला पुरेशी खोल, ओलसर माती मिळाली नाही तर तिची अंडी पोटातच अडकू शकतात. इथे मात्र मागच्या पायांच्या टाचेवर नराचा काटा होता, त्यामुळे ती शक्यता उरली नाही.

शॅमेलिऑनची भूक त्याला हातात धरून तपासता येत नाही, कारण घाबरलेला सरडा खात नाही. त्याला शांत खोलीत फांदीवर सोडून, वीतभर अंतरावर एक रातकिडा ठेवून मी दाराआडून पाहत राहिलो. काही वेळाने, एरवी दोन दिशांना फिरणारे त्याचे दोन्ही डोळे पुढे येऊन त्या किड्यावर एकत्र स्थिरावले. त्याने मागच्या पायांची पकड घट्ट केली, अंग पुढे झुकवले आणि जबडा किंचित उघडला. जिभेचे जाड टोक ओठांपर्यंत आले, तिथेच थरथरले आणि आत गेले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तसेच केले. त्यानंतर मात्र त्याने मान वळवली. ते गृहस्थ ज्याला तोंड फिरवणे म्हणत होते, ते हेच होते. त्याला भूक होती, पण त्याची जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचत नव्हती.

शॅमेलिऑनची जीभ शरीराच्या लांबीच्या दीडपट किंवा त्याहूनही दूर जाते. ही फेक केवळ स्नायूंच्या बळावर होत नाही. जिभेच्या मध्यभागी एक निमुळते हाड असते, त्याच्याभोवती स्नायू आवळला जातो, मधली लवचिक आवरणे धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जातात आणि साठलेली ती शक्ती एकदम सुटते. त्यामुळे थंडीतही फेकीचा वेग फारसा उतरत नाही, जीभ परत ओढणे मात्र बरेच मंदावते. पिंजऱ्यात ऊब कमी पडत असेल ही शंका माझ्याही मनात होती, पण ऊब कमी पडल्याने भूक आणि पचन मंदावले असते, भक्ष्यावर नेम धरलेली जीभ ओठांशीच अडली नसती. स्नायू आवळायला कॅल्शियम लागते, म्हणून माझे बोट आपोआप त्याच्या खालच्या जबड्याकडे गेले. तो टणक असायला हवा होता, पण बोटाखाली किंचित लवत होता.

एक्स-रेमध्ये लांब हाडांच्या भिंती कागदासारख्या पातळ दिसल्या आणि पुढच्या डाव्या पायाचे एक हाड दुमडलेले आढळले. शेपटीच्या खालच्या शिरेतून घेतलेल्या रक्तात कॅल्शियम कमी निघाले. मूत्रपिंडांची मला धास्ती होती, पण यूरिक ॲसिड मर्यादेत होते आणि मला मोठा दिलासा मिळाला.

“पण मी प्रत्येक किड्याला कॅल्शियमची पूड लावतो, आणि यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, ट्यूबही नवी आहे,” ते म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी फोनवर पिंजऱ्याची छायाचित्रे दाखवली, तेव्हा वरच्या जाळीवर एक काच आडवी ठेवलेली दिसली. आतली ऊब आणि दमटपणा टिकावा म्हणून ती ठेवली होती आणि ट्यूब त्या काचेवर होती. मी त्यांना ट्यूब आणि काच दोन्ही आणायला सांगितले. यूव्ही मीटर ट्यूबखाली धरला तेव्हा आकडा व्यवस्थित आला, मध्ये काच सरकवताच तो शून्यावर गेला. साधी काच यूव्हीबी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. हे किरण कातडीवर पडल्याशिवाय सरड्याच्या शरीरात पुरेसे डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि डी३शिवाय पोटात गेलेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. पूड रोज दिली जात होती, तरी ती अंगी लागत नव्हती.

त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना सांगितले की तुमची काळजी कुठेही कमी पडलेली नाही. काचेतून उजेड आधीसारखाच दिसतो, म्हणून डोळ्यांना हे कळणे शक्यच नसते.

अशा वेळी घरच्या माणसांना पहिली घाई होते ती जबडा उघडून आत अन्न घालण्याची. माझे याबाबतचे मत ठाम आहे की हे करू नये. मऊ पडलेला जबडा त्यात मोडू शकतो, शिवाय कोरड्या आणि गार पडलेल्या शरीराला अन्न पचत नाही. आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर अन्न, हा क्रम मी सोडत नाही. शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा ओळखत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून पानांवर दिवसातून अनेकदा बारीक फवारा देण्यास सांगितले आणि सुरुवातीला कातडीखालून द्रवही दिले. कॅल्शियमचे औषध आणि पातळ अन्न सिरिंजने थेंबाथेंबाने ओठांवर ठेवायचे, तो स्वतःहून तोंड उघडेल तेवढेच. डी३चे औषध मी मोजूनमापून दिले, कारण ते जास्त झाले तर कॅल्शियम रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत साचते. काच काढली, फांद्या खाली आणल्या आणि पिंजऱ्याच्या तळाशी जाड कापड अंथरले, म्हणजे पडला तरी आणखी हाड मोडू नये.

पहिल्या काही आठवड्यांत वजन वाढले नाही, पण घसरणही थांबली, आणि मी तेवढ्यावर समाधानी होतो. यूरेट पांढरा होऊ लागला. नंतर त्या गृहस्थांनी चिमट्यात धरलेली रेशमाची अळी अगदी तोंडाजवळ नेली तेव्हा त्याने ती ओठांनी उचलली. अंतर ते हळूहळू वाढवत गेले. पुढच्या एक्स-रेमध्ये हाडांच्या भिंती जाड झालेल्या दिसल्या आणि वजन १३१ ग्रॅमपर्यंत आले. दुमडलेला पाय मात्र वाकडाच जुळला आहे आणि जीभ पूर्वीइतकी लांब जात नाही, म्हणून त्याचे किडे आता फांदीला जवळ टांगलेल्या उथळ पेल्यात ठेवले जातात. यूव्हीबी ट्यूब उजेड देत राहिली तरी तिचे किरण कालांतराने क्षीण होतात, हे कळल्यापासून ते गृहस्थ वजनाच्या शेजारच्या रकान्यात मीटरचा आकडाही लिहितात.