मेल जातात, पण येत नाहीत

"ताई, कालपासून एकही मेल आला नाही. जातात मात्र व्यवस्थित. असं कसं?"

महिन्यातून चार-पाच फोन तरी याच प्रश्नाचे असतात. वकिलांचं ऑफिस, सीएंचं ऑफिस, एमआयडीसीतला छोटा कारखाना, प्रिंटिंग प्रेस. आउटलुक किंवा थंडरबर्ड हे कॉम्प्युटरवरचे मेलचे प्रोग्रॅम उघडूनच ज्यांचा दिवस सुरू होतो, अशी ही सगळी मंडळी. फोनवर माझ्याकडून घाईत अर्धवट सांगितलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी त्या 'असं कसं'बद्दल. मेल पाठवायचा रस्ता वेगळा आणि आणायचा वेगळा. पाठवण्याचं काम एसएमटीपी नावाची पद्धत करते, बहुतेक वेळा ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरचं, नंबर घातलेलं दार. आणण्याचं काम पॉप किंवा आयमॅप करतो: पॉप मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, आयमॅप सर्व्हरवरच ठेवून दाखवतो. सुरक्षित जोडणी असेल तर पॉपचा पोर्ट ९९५ आणि आयमॅपचा ९९३. प्रोग्रॅम एकच दिसतो, पण त्याला ही दोन दारं आहेत. एक अडकलं तरी दुसरं चालू राहतं. म्हणून 'जातात' हे तुम्ही सांगता ना, ते मला फार कामाचं असतं. इंटरनेट चालू आहे, हे तिथेच कळतं.

आता हात लावण्याआधी एक गोष्ट करा. मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये तोच मेलबॉक्स उघडा. दुसऱ्या कुठल्यातरी पत्त्यावरून स्वतःला एक ओळीचा मेल पाठवा आणि तो तिथे पडतो का बघा. सेटिंगमध्ये शिरण्याआधी या दोन मिनिटांत अर्धा शोध संपतो.

तिथेही आला नाही, तर तुमच्या कॉम्प्युटरचा काही दोष नाही. मेलबॉक्स भरला असेल. जीमेलची फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. लग्नाचे व्हिडिओ फोनवरून आपोआप वर चढत राहतात आणि इकडे कोटेशन यायचं थांबतं. कंपनीच्या नावाचा पत्ता असेल तर डोमेनचे, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचे, वर्षाचे पैसे भरलेत का ते बघा. वेबसाइट दुसरीकडे हलवताना मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ती नोंद हलवायची राहून गेली, हेही बऱ्याचदा सापडतं. एक धीराची गोष्ट सांगते. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला 'आत्ता जमत नाही' असं उत्तर मिळालं, तर तो लगेच हार मानत नाही. चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहावा, असाच नियम आहे. त्यामुळे त्याच दिवशी जागा मोकळी केली, तर मधले बरेच मेल उशिरा का होईना, येतात.

वेबवर मेल दिसतोय आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये नाही, तर दोष घरात आहे. थंडरबर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात, आउटलुकमध्ये सेंड-रिसीव्हच्या पट्टीवर 'वर्क ऑफलाइन' चुकून दाबलं गेलंय का बघा. फक्त न वाचलेले किंवा एकाच माणसाचे मेल दाखवा, अशी गाळणी लागलीय का बघा. यादी तारखेऐवजी पाठवणाऱ्याच्या नावानं लागली असेल, तर नवा मेल मधेच कुठेतरी जाऊन बसतो आणि माणूस वरच्या टोकाला वाट बघत राहतो. जंकमध्येही डोकवा.

पासवर्ड बरोबर असून पुन्हा पुन्हा विचारतो, ही तक्रार वेगळी. गूगलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी जुनी, नुसत्या पासवर्डची पद्धत बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टनं आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ ला तेच केलं. आता प्रोग्रॅमनं ब्राउझरसारखी खिडकी उघडून लॉगिन करायला हवं. प्रोग्रॅम जुना असेल तर गूगलकडून १६ अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. नेहमीचा पासवर्ड दहा वेळा टाकून काहीही होणार नाही, उलट खातं लॉक होण्याची भीती.

पॉपवाल्यांसाठी एक खास जागा आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. पॉपमध्ये मेल सहसा ओळीनं उतरतात. मधे एखादा अवजड मेल असेल, समजा फ्लेक्सच्या डिझाइनची फाइल, तर तो उतरता उतरता जोडणी तुटते. जोडलेली फाइल मेलमधून येताना मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांशानं फुगते, हेही लक्षात ठेवा. जोडणी तुटली की पुढच्या खेपेला गाडी पुन्हा त्याच मेलपाशी येऊन थांबते आणि मागचे सगळे ताटकळतात. त्यात पॉपचा नियम असा, की प्रोग्रॅमनं शेवटी 'क्विट' म्हणून रीतसर निरोप घेतल्याशिवाय सर्व्हर काहीही पुसत नाही. म्हणून कधी कधी जुनेच मेल दोन-दोन, तीन-तीनदा येतात आणि नवा एकही येत नाही. असं दिसलं की समजा, मधे कुणीतरी अडून बसलंय. वेबमेलमध्ये जाऊन ती फाइल उतरवून घ्या, तो मेल इनबॉक्समधून काढा आणि मग पुन्हा आणा. बाकीचे धडाधड उतरतात.

साठवणीची फाइल भरणं हाही जुना रोग. आउटलुक मेल ज्या फाइलमध्ये साठवतो ती पीएसटी. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटी फाइलला २ जीबीची मर्यादा होती, २००३ आणि २००७ ला २० जीबी, २०१० पासून ५० जीबी. मर्यादेला टेकली की नवे मेल आत येत नाहीत. थंडरबर्डमध्ये पुसलेले मेल फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत जागा धरून बसतात.

एका सीएंच्या ऑफिसातली गोष्ट सांगते. जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्नची घाई. सकाळपासून मेल बंद. मोबाइलवर सगळे दिसत होते, पासवर्ड बरोबर होता. पाठवून मात्र कुणी पाहिलंच नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि खाली उजव्या कोपऱ्यात नजर गेली: १ जानेवारी २०१२. आदल्या रात्री वीज गेली होती, आणि मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल संपला होता. कॉम्प्युटर स्वतःला २०१२ मध्ये समजत होता, त्यामुळे सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारा ठरावीक मुदतीचा दाखला, त्याला अजून सुरूच न झालेलं वाटत होतं, आणि तो जोडणीच नाकारत होता. सीआर २०३२ चा नवा सेल समोरच्या घड्याळजीकडून आणला, तारीख दुरुस्त केली. 'गेट मेसेजेस' दाबलं आणि एकामागून एक मेल उतरायला लागले. टेबलाभोवती उभी असलेली तिन्ही मुलं एकदम आपापल्या जागी पळाली.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले, ते. मेल येत नाहीत म्हणून अकाउंट काढून पुन्हा टाकू नका. पहिला उपाय म्हणून तर नाहीच नाही. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर असतात, बहुधा निभावतं. पण पॉप असेल आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल, तर जुन्या मेलची जगातली एकमेव प्रत त्या समोरच्या डब्यात असते. एका वकीलबाईंकडे मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. कुणीतरी फोनवरून 'काढा आणि परत टाका' सांगितलेलं. काढताना 'मेसेजेसही पुसायचे का' या चौकटीत खूण झाली. नऊ वर्षांचा पत्रव्यवहार होता. दोन दिवस डिस्क खरवडून जेवढं निघालं तेवढं काढलं, पण बरंचसं गेलं ते गेलंच. त्या मला चहा घ्या म्हणत होत्या, आणि माझ्या घशाखाली तो उतरत नव्हता.

म्हणून काही करायच्या आधी प्रोग्रॅम बंद करा आणि त्याच्या साठवणीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. आउटलुकची पीएसटी फाइल. थंडरबर्डमध्ये हेल्पमधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन'मधून प्रोफाइल फोल्डर उघडतं, ते आख्खं. वेळ लागला तर लागू द्या.

एवढं करूनही अडलंच तर जरूर फोन करा. फक्त फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: वेबवर मेल दिसतो का, खातं पॉप आहे की आयमॅप, शेवटचा मेल किती तारखेला किती वाजता आला, आणि स्क्रीनवर जी चूक येते तिचा फोटो. चौकट वाचायच्या आत बंद करू नका.