लूप अपडेट: सकाळी सकाळी पंप रुसतो, त्याची पंधरा दिवसांची कथा

माझ्या पीसीचा प्रोसेसर पाणी फिरवून थंड करायचा लूप आहे: डी५ नावाचा पंप, पाणी थंड करायला ३६० मिमीचा रेडिएटर, आणि प्रोसेसर (सीपीयू) रायझेन ७७००एक्स. सगळं दीड वर्ष गुपचूप चालू होतं. डिसेंबरात लातूरला थंडी पडली आणि नाटक सुरू झालं. सकाळी बटन दाबलं की फॅन फिरतात, लाइट लागतात, पण पंपाचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) शून्य. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) सीपीयूचं टेंपरेचर बघता बघता ९० च्या पुढं, म्हणून मागून सरळ स्विच बंद. मग पंपाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं टकटक केलं की पठ्ठ्या चालू, आणि दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही तक्रार नाही.

बाबा मागं उभं राहून बघत होते. "काय करलालास रं? पाणी भरलास का आधी? एअर धरली असंल." शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीचा अनुभव बोलत होता, आणि मुद्दा चुकीचा नव्हता, कारण डी५ पण त्याच जातीचा, स्वतःहून पाणी ओढून घेत नाही, त्याच्या तोंडाशी आधी पाणी पाहिजे, म्हणून तर टाकी पंपाच्या वर ठेवतात. पण हवा अडकली तर पंप फिरतो, खरखर करतो, आरपीएम दाखवतो, फक्त पाणी हलत नाही. माझा फिरतच नव्हता. हा फरक आधी बघा, अर्धं काम तिथंच होतं: आरपीएम आहे पण टाकीत हालचाल नाही, तर हवा नाहीतर कुठंतरी चोक. आरपीएमच नाही, तर करंट नाहीतर रोटर (पंपातला फिरणारा भाग).

करंटपासून सुरुवात केली. माझा पंप पॉवर सप्लायच्या साटा नावाच्या एकाच वायरीतून स्प्लिटर लावून रंगीत लाइटच्या आरजीबी हबसोबत जेवत होता. डी५ फुल स्पीडला २३ वॅटपर्यंत खातो, म्हणजे १२ व्होल्टला जवळपास २ अँपियर, आणि ढिल्या स्प्लिटरच्या पिना त्यात गरम होतात. (मदरबोर्डच्या साध्या फॅन हेडरवरून असा पंप चालवायचा विचार करणाऱ्यांनी हेडरवर १ अँपियर लिहिलेलं असतं ते वाचा आधी.) स्प्लिटर काढला, सरळ मोलेक्सवर (सप्लायच्या चार पिनच्या मोठ्या प्लगवर) घेतला, मीटरची टोकं पिवळ्या-काळ्या वायरीला लावली तर १२.०६ व्होल्ट. पंप जोडलेला असतानाच मोजा बरं का, मोकळ्या वायरीवर कुठलाही सप्लाय साळसूद दिसतो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी परत शून्य.

आता खरा वैताग हा की फॉल्ट फक्त रात्रभर बंद राहिल्यावर यायचा, म्हणजे दिवसाला एकच प्रयोग. रात्री एक गोष्ट बदलायची, सकाळी चहाच्या आधी निकाल. दोन गोष्टी एकदम बदलायचा मोह लई होतो, पण मग कशानं बरं झालं ते कळतच नाही.

मग पीडब्ल्यूएमवर, म्हणजे पंपाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सिग्नलवर, संशय. पाणी थंड असलं की माझ्या कर्व्हमध्ये (टेंपरेचरप्रमाणे वेग ठरवायच्या सेटिंगमध्ये) पंप २५ टक्क्यांवर जायचा. फिरणारा पंप २५ ला आरामात फिरत राहतो, पण थांबलेल्याला उठवायला जास्त जोर लागतो, कमी व्होल्टेजला शेतातली मोटर नुसती हूं हूं करत बसते तसंच. कर्व्ह काढून सरळ ६० टक्के फिक्स केलं. सकाळी एका झटक्यात चालू! परभणीच्या मित्राला फोन करून "सुटला प्रॉब्लेम" सांगून पण टाकलं. तीन सकाळी छान, चौथ्या सकाळी परत ठप्प. म्हणजे मी रोग बरा केला नव्हता, नुसता जोर वाढवला होता.

शेवटी नाइलाजानं लूप रिकामा केला. पंपाची रिंग फिरवून काढली, ओ-रिंग बाजूला ठेवली, आणि रोटर बोटानं उचलला. डी५ चा रोटर एका छोट्या सिरॅमिक गोळीवर नुसता बसलेला असतो, चुंबकानं धरलेला, तो अलगद सुटून यायला पाहिजे. माझा सायीसारखा चिकट ओढ देत आला. खालच्या वाटीत पांढुरकी, मेणचट साय, नखानं खरवडली तर गुंडाळी होऊन येत होती. क्षार वाटला आधी, आमच्या बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर चढतो तसा, पण मी बोअरचं पाणी कधी घातलंच नाही, आणि क्षार असा मऊ नसतो. हे पारदर्शक मऊ पाइपातून पाझरलेलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन. पाइप दुधाळ झालेले मला महिन्यापूर्वीच दिसले होते, तेव्हा "भारी फ्रॉस्टेड लुक" म्हणून खूष झालो होतो. दिवसभर कोमट पाण्यात ते मऊ राहायचं, रात्री गारठलं की रोटर गोळीवर चिकटायचा.

मऊ टूथब्रश, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा धुतलं. पाणी लातूरच्या गंजगोलाई बाजारातून, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, फक्त कॅनवर नीट वाचून घ्या, अ‍ॅसिड नको. लूप एक लिटरचा, धुण्यात चार गेले. २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यामुळं ते चार लिटर मोरीत ओतताना आईनं जे बघितलं ते सांगत नाही. पाइप सगळे काळे ईपीडीएम रबराचे घातले. दिसत काही नाही, पण पाझरत पण नाही.

भरताना पीसीला करंट दिला नाही. मदरबोर्डचा २४ पिनचा प्लग काढून सप्लायची हिरवी वायर काळीशी जोडली, फक्त पंप चालवला, सगळ्या फिटिंगखाली टिश्यू. पाणी खाली गेलं की लगेच बंद, परत भर, परत चालू. कोरडा फिरवू नका, त्याच्या बेअरिंगला पाणीच वंगण.

आज नववी सकाळ, ४५ टक्क्यांवर पहिल्या फटक्यात उठतोय. पण लोडला टेंपरेचर नवीन होतं तेव्हापेक्षा ४ अंश जास्तच आहे, म्हणजे तीच साय सीपीयू ब्लॉकच्या (सीपीयूवर बसवलेला, आतून पाणी जाणारा ठोकळा) बारीक पट्ट्यांत बसली असणार. रविवारी ब्लॉक उघडतो. आतली जेट प्लेट (पाणी पट्ट्यांवर सोडणारी चकती) कुठल्या बाजूनं आहे त्याचा फोटो आधी काढीन, मागच्या वेळी उलटी बसवली होती.