तारेतली पत्रं

दिवाळीच्या आधी माळा काढताना तात्यांची पत्रांची तार सापडली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली लाकडाची चकती, तिच्यातून वर गेलेली हातभर तार आणि टोकाला भिंतीवर अडकवायचा आकडा. आलेलं कार्ड वाचून झालं की तारेत खुपसून खाली सरकवायचं. त्यामुळं प्रत्येक कार्डाच्या मधोमध एक भोक, आणि भोक पडलं तिथला एक शब्द गायब. कोपऱ्यात तात्यांच्या बारीक अक्षरात 'उ. दि.' आणि तारीख. उत्तर दिले. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, हिशेब घरातसुद्धा सुटायचा नाही.

तात्या म्हणजे माझे आजोबा. घरातले वाचता येणारे पहिले. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. पोर शाळेत घातलं नाही तर बापाला महिना १ रुपया दंड. पणजोबा शिक्षणाला नाही, त्या रुपयाला भ्याले, असं तात्या स्वतःच सांगायचे.

त्यांना मनातल्या मनात वाचताना मी कधी पाहिलं नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या सोप्यात बसून, चष्म्याची दोरी कानामागं गुंडाळून, ओळीखाली बोट धरून ते पेपर वाचायचे तो अख्ख्या बोळाला ऐकू जायचा. पेपर एका घराचा, ऐकणारी चार घरं. शेजारची मावशी जोंधळे निवडत ऐकायची. अधूनमधून "तात्या, कोण मेलं म्हणालासा?" असं विचारायची. तात्या न चिडता बोट वर सरकवून पुन्हा वाचायचे. १८५०पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर गावात होतं. तात्या तिथं गेले की लगेच परतायचे, कारण तिथं गप्प बसून वाचावं लागायचं. "तोंड शिवून कसलं वाचन," म्हणायचे.

कार्ड आलं तरी तेच. पोस्टमन दारात असतानाच ते मोठ्यानं सुरू. वर 'अशुभ' लिहिलेलं असेल तर मात्र उंबऱ्याबाहेर उभं राहून, हळू आवाजात वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. म्हणून तारेत मरणाचं एकही कार्ड नाही. ढीग नुसता बारशांचा, लग्नांचा आणि पावसाचा.

पुढं बोळातल्या बायकांची कार्डं वाचायचं काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा सहावीत असेन. कार्ड १५ पैशांचं आणि उघडं. नव्या सुनेला माहेरून कार्ड आलं की ते मी वाचणार, सासू समोर बसून ऐकणार. साहजिकच आई लिहायची, "इकडील सर्व क्षेम, तुझे क्षेम कळवणे." बस्स. खरं काय ते भाऊ बोलवायला आल्यावर कळायचं. एकदा एका कार्डात शेवटी आईनं "तुला तिकडे करमत नाही असे कळले" लिहिलं होतं आणि मी ते घडाघडा वाचून टाकलं. त्या सुनेनं माझ्याकडं जसं पाहिलं, ते अजून आठवतं. सगळे मिळून वाचायचे, किती छान, असं लोक म्हणतात तेव्हा मला ती आठवते.

आज्जीला अक्षर येत नव्हतं. श्रावणात सोमवारी मी तिला शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचून दाखवायचे. पोथीची सुटी पानं लाल फडक्यात बांधलेली. मला खेळायला पळायचं असायचं, म्हणून मधल्या दोन-चार ओव्या मी गिळायची. ती वाती वळत असायची, मान वर न करता म्हणायची, "मधलं खाल्लंस बघ. माघारी जा." महानंदेच्या कोंबड्या-माकडाची गोष्ट आली की वाती बाजूला. गळ्यात रुद्राक्ष बांधलेला कोंबडा आणि माकड आगीत जळतात आणि पुढच्या जन्मी राजाचा नि प्रधानाचा पोरगा होतात. तेवढं तिला दोनदा लागायचं. अख्खा अध्याय तिला पाठ होता, मग माझ्याकडून वाचून कशाला घ्यायची? विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं म्हटलेलं मला ऐकू येत नाही."

या मोठ्यानं वाचण्याला मी बरीच वर्षं अडाणीपणा समजत होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर तीन महिने मोडी शिकले, तेव्हा डोळे उघडले. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लावत जायची. बोरू शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नुसतं बघून शब्द कुठं तुटतो ते कळतच नाही. तोंडानं म्हणत गेलं की कान तोडून देतो. जुन्या पोथ्यांतसुद्धा शब्द असेच एकाला एक चिकटलेले. तात्यांचं बोट आणि आवाज दोन्ही त्या अक्षराच्या सवयीचे होते. मोडी १९५०च्या आसपास कचेऱ्यांतून आणि शाळांतून गेली, त्यांचा आवाज मात्र राहिला. आणि शब्दच बघा ना, वाचणे आणि वाचा एकाच मुळातले.

तर तारेच्या अगदी तळाला पाच-सहा मोडी कार्डं निघाली. त्यातलं एक तात्यांच्या मामेभावाचं, भोगावतीकाठच्या गावाहून आलेलं. गुळाच्या हंगामात त्यांची गाडी अडतीवर यायची. मी भिंग घेऊन अर्धा तास बसले. 'गु', 'गा', 'पे' एवढंच लागत होतं, आणि भोक नेमकं मधल्या ओळीत. आतून ह्यांचा आवाज आला, "मोठ्यानं वाच की, मलापण कळू दे."

वाचलं. दुसऱ्या खेपेला ओळ सुटली. "गाडी रिकामी येते तरी मागील पेपर गाडीबरोबर धाडणे, शिळे चालतील, पारावर … वाट पाहतात." भोकातला शब्द 'मंडळी' असावा असं मी म्हणते. हे म्हणतात 'पोरं'.

या कार्डावर 'उ. दि.' नाही. कोपऱ्यात तात्यांनी फक्त लिहिलंय, '७ दिले'.